खासगीपणाचें निशाण

आमचा एक जुना विद्यार्थी हल्लीं पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहे. त्यानें ह्या सदराकरितां एक प्रश्न पाठविला आहे. आंतरजालावर माणसाचा खासगीपणा राखला जावा म्हणून देशोदेशीं पुष्कळ लोक खटपट करीत आहेत; त्यांत वकील आहेत, संगणकतज्ज्ञ आहेत, वृत्तपत्रकार आहेत आणि साधे नागरिकही आहेत. परंतु ह्या सर्वांस आपलें म्हणतां येईल असें एखादें निशाण अद्याप नाहीं. तें असावें काय, आणि असावयाचें तर कसें असावें, असा त्याचा प्रश्न आहे. शेवटीं त्यानें असेंही लिहिलें आहे कीं, "सर, हा पोरखेळ वाटला तर सोडून द्यावा."

आम्हांस तो पोरखेळ वाटत नाहीं. निशाण म्हणजे काय, तर कापडाचा तुकडा, असें म्हणणारे लोक पूर्वींही होतेच. १९२३ सालीं नागपुरास सिव्हिल लाइन्स भागांतून राष्ट्रीय निशाण घेऊन जाण्यास सरकारनें मनाई केली, तेव्हां त्या तुकड्यासाठीं निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवक येऊन दाखल झाले आणि हजाराहून अधिक लोकांनीं तुरुंगवास पत्करला. जमनालाल बजाज ह्यांस अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनीं सूत्रें हातीं घेतलीं, आणि ऑगस्ट महिन्यांत निशाण त्या रस्त्यानें गेलें. त्या स्वयंसेवकांपैकीं कित्येकांस स्वराज्याची शास्त्रशुद्ध व्याख्या कदाचित् सांगतां आली नसती, परंतु निशाण ओळखतां येत होतें. चिन्हाचें काम हेंच. अलीकडचें उदाहरण पाहिजे असल्यास रुपयाचें चिन्ह घ्यावें. पवईच्या आय.आय.टी.मधील डी. उदयकुमार ह्यांनीं देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ ह्यांचा मेळ घालून तें काढिलें, १५ जुलै २०१० रोजीं सरकारनें तें स्वीकारिलें, आणि आज किराणा दुकानांतील पोरही पाटीवर तें सहज रेखाटतो.

त्याच वर्षीं आपल्या देशांत आणखी एक चिन्ह रूढ झालें, आणि तें प्रस्तुत विषयाच्या अगदीं जवळचें आहे. तें चिन्ह आधारचें. लाल-पिवळा सूर्य आणि त्याच्या मध्यभागीं बोटाच्या ठशाच्या रेषा, असें तें चित्र अतुल सुधाकरराव पांडे ह्यांनीं स्पर्धेसाठीं काढिलें व त्याची निवड झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली ह्या गांवीं, देशांतील पहिला आधार क्रमांक देण्यांत आला. आज अक्षरशत्रु असलेली म्हातारीही तो सूर्य ओळखते. चित्र उत्तम आहे ह्यांत शंका नाहीं, आणि ज्यांच्यापाशीं ओळखीचा दुसरा कोणताच कागद नव्हता अशा पुष्कळांस त्या योजनेचा उपयोगही झाला आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ‘तुमची ओळख दाखवा’ असें म्हणणाऱ्या बाजूस चिन्ह मिळालें. ‘ती कोणास, कशासाठीं आणि किती दाखवावयाची हें आधीं मला विचारा’ असें म्हणणाऱ्या बाजूस मात्र मिळालें नाहीं. म्हणून आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो.

आतां, ह्या दिशेनें आजवर प्रयत्नच झाले नाहींत असें नाहीं. सर्वांच्या परिचयाचें चिन्ह म्हणजे कुलूप. आंतरजालावरील एखादें पान उघडलें कीं त्याच्या पत्त्याशेजारीं एक लहानसें कुलूप दिसे आणि तें पाहून आपण निर्धास्त होत असूं. त्या कुलपाचा खरा अर्थ मात्र इतकाच होता कीं, आपला मजकूर वाटेंत तिसऱ्या कोणास वाचतां येऊं नये अशा सांकेतिक रूपांत जात आहे. पलीकडे बसलेला मनुष्य साव आहे कीं भामटा, हें तें कुलूप सांगत नव्हतें. आणि भामट्यांनींही आपापल्या पानांवर तेंच कुलूप लाविलें. गूगल कंपनीनें २०२१ सालीं केलेल्या एका पाहणींत कुलपाचा नेमका अर्थ शंभरांपैकीं अवघ्या अकरा जणांस कळला होता. अखेर सप्टेंबर २०२३ पासून त्या कंपनीनें आपल्या ‘क्रोम’मधून कुलपाचें चित्र काढून टाकिलें. जें चिन्ह खोटें अभय देतें तें चिन्ह नसलेलें बरें, हा त्यापासून घ्यावयाचा धडा.

दुसरें चित्र डोळ्याचें. पाळतीचा निषेध करणारे लोक आपल्या फलकांवर पुष्कळदां एक मोठा वटारलेला डोळा काढतात. त्याची मौज अशी कीं, अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें २००२ सालीं माहिती गोळा करण्यासाठीं जी एक कचेरी उघडली, तिनेंही आपल्या चिन्हांत पिरॅमिडच्या शिखरावरून सगळ्या पृथ्वीवर नजर ठेवणारा डोळाच काढिला होता. तो पाहून लोक इतके बिथरले कीं तें चिन्ह मागें घ्यावें लागलें, आणि पुढच्याच वर्षीं तेथील काँग्रेसनें त्या कचेरीचा पैसाही बंद केला. डोळा भय दाखवितो, हें खरें. परंतु आम्हांस काय नको तेवढेंच त्यांतून कळतें. काय हवें तें कळत नाहीं. भयानें जमलेले लोक भय ओसरतांच घरोघर जातात.

तिसरा प्रयत्न अधिक विचारपूर्वक झाला. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें २०२१ सालीं आपल्या नियमांत एक निळें लांबट चिन्ह घातलें. त्याच्या एका अर्ध्यांत होकाराची खूण व दुसऱ्या अर्ध्यांत नकाराची फुली आहे. अमेरिकेंतील विद्यापीठांतील संशोधकांनीं अनेक चित्रें लोकांस दाखवून, पारखून हें सिद्ध केलें, आणि तरीही त्यांस असेंच आढळलें कीं, शेजारीं शब्द लिहिल्यावांचून तें लोकांस उमजत नाहीं. हें बटन म्हणून ठीक आहे; निशाण म्हणून तें कोणी खांद्यावर घेईल असें वाटत नाहीं.

इतक्या हुशार लोकांच्या हातून हें कां साधलें नाहीं? आमच्या मतें अडचण चित्राच्या आधीं शब्दांत आहे. ‘प्रायव्हसी’ ह्या शब्दासाठीं मराठींत आपण बहुधा दोन शब्द योजतों: गोपनीयता आणि खासगीपणा. गोपनीयता म्हटली कीं लपवाछपवीचा वास येतो आणि लगेच कोणी तरी म्हणतो, ‘ज्याच्या मनांत पाप नाहीं त्यानें लपवावें कशाला?’ परंतु संस्कृतांत ‘गुप्’ ह्या धातूचा अर्थ रक्षण करणें असा आहे. राजास ‘गोप्ता’ म्हणतात, तें तो प्रजेस लपवून ठेवितो म्हणून नव्हे. लपविणें हा रक्षणाचा एक प्रकार झाला. पुढें तोच मुख्य अर्थ होऊन बसला, आणि शब्द संशयित ठरला.

‘खासगी’ हा शब्द अरबीकडून आपल्याकडे आला, परंतु मराठ्यांच्या राज्यकारभारांत त्यास एक निश्चित स्थान होतें. होळकरांकडे ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशीं दोन खातीं निराळीं असत. १७३४ सालीं पहिल्या बाजीराव पेशव्यांनीं मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई ह्यांस खासगीची जहागीर लावून दिली, आणि पुढें ती अहिल्याबाईंकडे आली. आमच्याच जिल्ह्यांतील चोंडी गांवीं १७२५ सालीं जन्मलेल्या ह्या साध्वीनें ठिकठिकाणीं देवळें, घाट व धर्मशाळा बांधल्या, त्या ह्या खासगींतून बांधल्या अशी त्यांची ख्याति आहे. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, खासगी म्हणजे कोठें पुरून ठेवलेलें द्रव्य नव्हतें. तें सर्वांस ठाऊक होतें. त्याचे हिशेब लिहिले जात. फक्त दौलतीचा हात त्यास लागत नसे. खासगीपणाचा याहून नेटका अर्थ आम्हांस ठाऊक नाहीं. जें खासगी तें लपलेलेंच असतें असें नाहीं. त्यावर दुसऱ्याचा हात विचारल्यावांचून पडूं नये, एवढेंच त्याचें मागणें असतें.

‘लपवावें कशाला?’ ह्या प्रश्नाचें उत्तर तर आमच्या भिंगारच्या अगदीं शेजारीं उभें आहे. अहमदनगरच्या (आतां अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यांत १९४२ च्या ऑगस्टपासून पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव प्रभृति पुढारी स्थानबद्ध होते. नेहरूंनीं तेथें ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. मौलानांनीं काय लिहिलें तें थोड्यांस ठाऊक आहे. ते आपल्या एका स्नेह्यास पत्रें लिहीत, आणि हीं पत्रें पोंचावयाचीं नाहींत हें पुरतें जाणून लिहीत. पुढें १९४६ सालीं तीं ‘गुबारे खातिर’ ह्या नांवानें पुस्तकरूपानें निघालीं. त्यांत चहाच्या आवडीविषयीं आहे, खोलींतील चिमण्यांविषयीं आहे, संगीताविषयीं आहे. १९४३ सालीं त्यांच्या पत्नी कलकत्त्यास वारल्या, तें वर्तमान त्यांस ह्याच भिंतींआड कळलें. ह्यांत लपविण्यासारखें काय होतें? कांहींच नव्हतें. तरी देखील तपासनिसाच्या डोळ्यांखालून जाणारें पत्र आणि स्नेह्याच्या हातीं पडणारें पत्र ह्यांत जें अंतर आहे, तें प्रत्येक पत्र लिहिणारास कळतें. आपलें बोलणें कोणी ऐकावें हें ठरविण्याचा अधिकार, हाच तो खासगीपणा; बोलणें चहाविषयीं कां असेना.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही हा अधिकार मान्य केला आहे. कर्नाटकाचे निवृत्त न्यायमूर्ति के. एस. पुट्टस्वामी ह्यांनीं २०१२ सालीं, वयाचीं ऐंशी वर्षें उलटून गेल्यावर, आधार योजनेविरुद्ध अर्ज केला. त्यांतून निघालेल्या मुद्द्यावर २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. त्या नवांत आपल्या महाराष्ट्राचे शरद बोबडे व धनंजय चंद्रचूड हे दोघे होते. आणीबाणींत, १९७६ सालीं, नागरिकांच्या हक्कांविरुद्ध जो निकाल लागला त्यांत धनंजयरावांचे वडील यशवंतराव हे बहुमताच्या बाजूस होते. पुत्रानें ह्या निकालपत्रांत तो निकाल सदोष म्हणून स्पष्टपणें नाकारिला. न्यायासनावर बसल्यावर पित्याचा निकालही तपासून पाहावा लागतो, ह्याचें हें उदाहरण आमच्या तरुण वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

तर मग निशाण कसें असावें? चांगल्या चिन्हाच्या आमच्या मतें चार कसोट्या आहेत. तें लहान मुलास खडूनें काढतां यावें. तें काळ्या-पांढऱ्या छपाईंत आणि मोबाइलच्या कोपऱ्यांतही ओळखूं यावें. तें कोणा पंथाचें, पक्षाचें वा कंपनीचें नसावें. इंग्लंडांत जेराल्ड हॉल्टम ह्यांनीं १९५८ सालीं अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठीं काढिलेलें शांतीचें वर्तुळ जगभर पसरलें, त्याचें एक कारण असें कीं त्यावर कोणीं मालकी सांगितली नाहीं. आणि चौथी कसोटी, कुलपाची कहाणी पाहतां सर्वांत महत्त्वाची: जें तें देऊं शकत नाहीं त्याचें वचन त्यानें देऊं नये.

ह्या चारही कसोट्यांस उतरेल असें आम्हांस एकच चित्र सुचतें, आणि तें प्रत्येक घरापुढें आहे. तें म्हणजे उंबरठा. दोन उभ्या रेषा, वर एक आडवी, ही झाली चौकट. खालीं एक जाड रेषा, हा उंबरठा. आणि त्या रेषेच्या बाहेर एक टिंब, हा बाहेर थांबून ‘येऊं का आंत?’ म्हणून विचारणारा मनुष्य. चौकटींत दार काढूं नये, कारण घर उघडें आहे. भूमि गेरूची व रेषा चुन्याच्या. हे दोन्ही रंग आपल्या भिंतींचे आणि वारली चित्रांचे आहेत, आणि कोणत्याही पक्षानें अद्याप त्यांवर हक्क सांगितलेला नाहीं. कुलूप म्हणतें, ‘येऊं नका.’ उंबरठा म्हणतो, ‘या, पण विचारून या.’ आपल्याकडे घर दिवसभर उघडें असतें, तरी शेजारीण दारांत थांबून हांक मारते. तिनें हांक मारिली नाहीं तरी तिला कोणी अडविणार नसतें, आणि म्हणूनच त्या हांकेस किंमत आहे. जी कंपनी आपल्या मोबाइलमधील नांवपत्ते, फोटो व आपण कोठें जातों-येतों ह्याची नोंद न विचारतां उचलते, तिच्याकडे आपण एवढेंच मागतों.

ह्या चिन्हावर दोन आक्षेप येतील, आणि ते आम्ही आपण होऊनच मांडतों. पहिला असा कीं, ह्याच उंबरठ्यानें आपल्या लेकीसुनांस पिढ्यान् पिढ्या आंत अडकवून ठेविलें. त्याच नांवाचा जब्बार पटेल ह्यांचा १९८२ सालचा चित्रपट ज्यांनीं पाहिला असेल त्यांस हें सांगावयास नको. लक्ष्मणरेषेची कथा तर पुन्हां पुन्हां सांगितली जाते, जरी मूळ वाल्मीकिरामायणांत ती रेषा कोठेंच नाहीं. दुसरा आक्षेप त्याहून कठोर आहे. ह्याच उंबरठ्याबाहेर आपल्या पूर्वजांनीं कित्येक माणसांस जन्मावरून उभें करून ठेविलें. दोन्ही आक्षेप खरे आहेत आणि ते नाकारण्यांत अर्थ नाहीं. आमचें उत्तर इतकेंच कीं, त्या दोन्ही ठिकाणीं रेषा दुबळ्यावर चालविली गेली. आम्ही ज्या चिन्हाविषयीं लिहीत आहों, त्यांत ती रेषा आंत येऊं पाहणाऱ्या बळवंतास आहे: सरकारास, कंपनीस, आणि घरांतील वडीलधाऱ्यांसही. आंतल्या माणसानें केव्हांही बाहेर पडावें. त्याला विचारण्याचें कारण नाहीं.

घरांतील वडीलधाऱ्यांस, असें आम्हीं मुद्दाम लिहिलें. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांत परवां असें घडलें. सूनबाईंनीं दवाखान्यांतून आलेला तपासणीचा कागद मोबाइलवर सासूबाईंस दाखविला. बातमी आनंदाची होती. सासूबाईंनीं त्या कागदाचा फोटो तेथल्या तेथें कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकिला. गटांत साठ-सत्तर माणसें. सूनबाईंनीं अजून आपल्या आईसही कळविलें नव्हतें. तिला तें नणंदेच्या जाऊबाईंकडून कळलें. पुढें तिसऱ्या महिन्यांत ती आशा मावळली, तेव्हां त्या साठ-सत्तर माणसांचीं सांत्वनें मोबाइलवर येऊं लागलीं आणि त्या मुलीनें मोबाइलच बंद करून ठेविला. ह्यांत दुष्टावा कोणाचाही नव्हता. सासूबाई मायाळू आहेत आणि सुनेस त्यांनीं लेकीसारखें वागविलें आहे. ‘आपल्याच माणसांत काय विचारावयाचें?’ असें त्यांस वाटलें, आणि घात झाला तो त्या वाटण्यानें.

ह्या ठिकाणीं कायदा उपयोगीं पडत नाहीं. २०२३ सालीं संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा जो कायदा केला, त्यांत संमतीस मोठें स्थान आहे; परंतु एखाद्या व्यक्तीनें वैयक्तिक अथवा घरगुती कारणासाठीं वापरलेल्या माहितीस तो लागू नाहीं, असें त्यांतच म्हटलें आहे. तें योग्यच आहे. सासू-सुनांचा व्यवहार कचेरींत जाऊं नये. परंतु त्याचा अर्थ असा कीं, कायदा उंबरठ्याशीं येऊन थांबतो आणि आंत जें कांहीं आहे तें सर्वस्वी आपल्या रीतीभातीवर अवलंबून आहे. आमच्या पिढीनें सुनांचीं माहेरचीं पत्रें वडीलधाऱ्यांनीं फोडून वाचलेलीं पाहिलीं आहेत. तीं फोडणारे हात आतां मोबाइलवर फिरतात, इतकाच फरक.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यास आमचें सांगणें असें कीं, निशाण अवश्य काढ, तुझ्या मित्रांस दाखव, आणि त्यांस याहून चांगलें सुचलें तर आमचें टाकून दे. परंतु तें मोर्चांत मिरविण्यापूर्वीं घरांत लाव. नातवंडाचा फोटो गटावर टाकण्यापूर्वीं त्याच्या आईस विचारावें, आणि नातवंड कळत्या वयाचें असेल तर त्यासही विचारावें. दुसऱ्याचा मोबाइल वाजला तर तो उचलून त्याच्या हातीं द्यावा, वाचूं नये. आजारपणाची, परीक्षेच्या निकालाची, लग्नाच्या बोलण्याची बातमी ज्याची त्यानें सांगावी. मुलगा मागील त्याप्रमाणें आजोबांनीं बँकेचा गुप्त आंकडा त्यास देऊं नये, आणि मुलानेंही तो मागूं नये. ज्या घरांत एवढें पाळलें जाईल, त्या घरांतील मुलें मोठीं झाल्यावर एखाद्या कंपनीनें न विचारतां आंत पाऊल टाकिलें तर तें त्यांस तत्काळ खटकेल. आणि ज्यांस तें खटकतें त्यांस निशाणाचा अर्थ सांगत बसावें लागत नाहीं.

वाचकांपैकीं कोणास याहून नेटकें चित्र सुचल्यास त्यांनीं तें एका साध्या पोस्टकार्डावर काढून आमच्याकडे धाडावें. पोस्टकार्ड वाटेंत कोणासही वाचतां येतें, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु निशाण सर्वांनीं पाहावें म्हणूनच असतें.